एनएमएनच्या कॅप्सूल, उलटं फिरणारं वय आणि आमचा ज्येष्ठ नागरिक संघ: नेमकी माहिती हवी

मांजराकाठ (लातूर जिल्हा)

नमस्कार. गावात ज्येष्ठ नागरिक संघ आहे. चाळीसेक सभासद, वय साठ ते ब्याऐंशी. दर पौर्णिमेला देवळाच्या सभामंडपात बैठक असते. गेल्या दोन बैठकांना एक एजंट यायलाय. 'एनएमएन' नावाच्या कॅप्सूल विकायलाय आणि सांगायलाय की शास्त्रज्ञांनी म्हातारपण उलटवलंय, त्याला नोबेलसुद्धा मिळालंय. महिन्याचा खर्च साडेचार हजार. निराधारचे पैसे त्यात घालायला निघालेलेही दोघं-तिघं आहेत.

पुढच्या पौर्णिमेला फळ्यावर लिहून समजावून सांगायचंय. विचारायचं ते असं. हे संशोधक नेमके कशाच्या मागं आहेत, अमर व्हायच्या? आमच्याकडं एक घड्याळ, टेप आणि बीपीचं मशीन आहे, तेवढ्यात काय मोजता येईल? खाण्यात काय बदलायचं? (निम्मे माळकरी आहेत, अंडी चालत नाहीत.) आणि गोळ्या-इंजेक्शनांचं काय?

मोघम नको. आकडे, पद्धत आणि कुठं चुकतं ते सांगा.

---

पेशीविचार

आधी नोबेलचं. २००९ चं नोबेल टेलोमिअरवरच्या कामाला, म्हणजे गुणसूत्रांच्या टोकांना जी टोपणं असतात त्यांच्यावरच्या कामाला. २०१२ चं यामानाका आणि गर्डन यांना, प्रौढ पेशी पुन्हा मूळ अवस्थेत नेता येते हे दाखवल्याबद्दल. २०१६ चं ओसुमी यांना, पेशी स्वतःचा कचरा कसा पचवते ते यीस्टमध्ये उलगडल्याबद्दल. तिन्ही शोध वार्धक्याच्या अभ्यासात रोज लागतात, पण म्हातारपण थांबवलं म्हणून एकही दिलेलं नाही, आणि एनएमएनला तर नाहीच. एनएमएन घेतल्यावर माणसाच्या रक्तात एनएडी नावाचा, पेशीतल्या ऊर्जेच्या कामाला लागणारा रेणू वाढतो एवढं मोजलेलं आहे. त्यानं माणूस जास्त जगतो किंवा जास्त दिवस धडधाकट राहतो, याचा पुरावा नाही. एजंटला एकच विचारा: "हे उंदरात दाखवलंय की माणसात? आणि माणसात असेल तर रक्तातला आकडा सुधारला की चालणं-फिरणं सुधारलं?"

आता संशोधक कशाच्या मागं आहेत ते. १८२५ मध्ये बेंजामिन गोम्पर्ट्झ या विमा गणितज्ञानं दाखवलं की प्रौढपणी मृत्यूची शक्यता ठराविक काळानं दुप्पट होत जाते. आजच्या आकड्यांत हा काळ साधारण आठ वर्षं. त्यामुळं एकेका रोगाच्या मागं लागून फार हाती लागत नाही. अमेरिकेतल्या आकडेमोडीप्रमाणं कॅन्सर मुळापासून नाहीसा झाला तरी सरासरी आयुष्य तीनेक वर्षांनीच वाढतं, कारण त्याच माणसाला हृदयविकार, पक्षाघात, विस्मरण हे सगळे रांगेत उभे असतात. म्हणून सगळ्या रोगांखालची समान जमीन, म्हणजे वार्धक्यच, हळू करता येतं का, हा या क्षेत्राचा प्रश्न.

१९८० मध्ये जेम्स फ्राइज यांनी त्याला नेमका आकार दिला. आयुष्याची कमाल मर्यादा फारशी हलत नसेल, तर निदान आजारपण शेवटच्या थोडक्या काळात दाबून बसवा. पंच्याऐंशीव्या वर्षी माणूस जाणार असेल तर सत्तरीपासून अंथरुणाला खिळून जायच्याऐवजी चौऱ्याऐंशीपर्यंत स्वतःच्या पायांनी फिरून जावा. बहुतेक गंभीर संशोधकांचं उद्दिष्ट हेच. अमर व्हायच्या गप्पा मारणारे आहेत, पण पैसे गोळा करताना त्यांचा आवाज जास्त मोठा होतो असं माझं मत. आजवर सर्वांत जास्त जगलेली, कागदोपत्री तपासलेली व्यक्ती म्हणजे फ्रान्सच्या जान काल्मां. १९९७ मध्ये गेल्या तेव्हा त्यांचं वय १२२ होतं. तो आकडा अजून कुणी ओलांडलेला नाही.

'उंदरात दाखवलंय' हेही हलकं नाही, फक्त त्याची जागा ओळखावी. सर्वांत भक्कम उदाहरण रापामायसिनचं. १९६४ च्या मोहिमेत ईस्टर बेटावरून आणलेल्या मातीतल्या जिवाणूपासून हे औषध निघालं. त्यावर चिवटपणे काम करणारे सुरेन सेहगल हे भारतात शिकलेले शास्त्रज्ञ. २००९ मध्ये अमेरिकेतल्या तीन प्रयोगशाळांनी एकाच वेळी ६०० दिवसांच्या, म्हणजे माणसाच्या हिशेबानं साठीच्या, उंदरांना ते दिलं. उशिरा सुरू करूनही कमाल आयुष्य माद्यांत १४ टक्के आणि नरांत ९ टक्के वाढलं. माणसात हेच औषध मूत्रपिंडाच्या प्रत्यारोपणानंतर वापरतात. तोंड येणं, चरबी आणि साखर वाढणं, जंतुसंसर्ग हे त्याचे ठाऊक असलेले त्रास. कुणी 'दीर्घायुष्यासाठी' लिहून देत असेल तर तिथून उठा.

मेटफॉर्मिन या मधुमेहाच्या गोळीवर 'टेम' नावाची मोठी चाचणी निर बार्झिलाय यांनी आखली आहे. ६५ ते ७९ वयाचे तीन हजार लोक, आणि मोजायचं काय, तर हृदयविकार, पक्षाघात, कॅन्सर, विस्मरण, मृत्यू या सगळ्यांचा एकत्रित उशीर. ही रचना महत्त्वाची आहे, कारण 'म्हातारपण' हा रोग म्हणून औषध नियामकाकडं नोंदलेला नाही. मग औषध कशावर मंजूर करायचं? चाचणीचं घोडं मात्र बरीच वर्षं पैशापाशी अडलेलं आहे.

शेवटचं, थुंकी किंवा रक्त घेऊन 'तुमचं जैविक वय ५२' असं सांगणाऱ्या चाचण्या. २०१३ मध्ये स्टीव्ह होरवाथ यांनी डीएनएवरच्या ३५३ खुणांवरून वय ओळखणारं घड्याळ बनवलं. गटांच्या अभ्यासाला ते उपयोगी आहे. एका माणसानं दोनदा नमुना दिला तर उत्तर दोन-चार वर्षं इकडं-तिकडं हलू शकतं, आणि आकडा कमी झाला म्हणून माणूस निरोगी झाला असंही सिद्ध नाही. संघाचे पैसे त्यात नकोत.

---

मांजराकाठ

सर, मग फळ्यावर एका ओळीत लिहायचं झालं तर?

---

पेशीविचार

"शेवटची परावलंबी वर्षं कमी करणं." त्याच्या खाली जागतिक आरोग्य संघटनेचे पाच रकाने काढा: हालचाल, पोषण-ताकद, बुद्धी, मन, आणि डोळे-कान. ते याला माणसाची 'अंगभूत क्षमता' म्हणतात. तुमच्या टेप आणि घड्याळात यातला पहिला रकाना अख्खा मावतो.

---

पायरी_पायरीनं (फिजिओथेरपी, छत्रपती संभाजीनगर)

पहिला रकाना माझ्याकडं. चार मोजमापं घ्या. माणशी दहा-बारा मिनिटं लागतात, म्हणजे चाळीस जण एका बैठकीत होत नाहीत. दोन पौर्णिमांत वाटा.

खुर्ची, ३० सेकंद. बिनहाताची, पक्की खुर्ची, बैठक जमिनीपासून १७ इंच (४३ सेंमी). मांडववाल्याची प्लास्टिकची नको, ती वाकते. घडीची तर मुळीच नको. शाळेतली लाकडी आणा आणि पाठ भिंतीला टेकवून ठेवा. हात छातीवर आडवे. 'सुरू' म्हटल्यावर पूर्ण उभं राहायचं, पूर्ण बसायचं. ३० सेकंदांत किती वेळा उठले ते मोजायचं. वेळ संपताना अर्ध्याहून जास्त उठलेले असतील तर तोही एक धरा. हाताचा आधार घेतला तर गुण शून्य. वाईट वाटलं तरी शून्यच लिहा, पुढं तेच कामाला येतं. यापेक्षा कमी आले तर पडण्याचा धोका मानायचा: ६० ते ६४ पुरुष १४, बायका १२, ६५ ते ६९ पुरुष १२, बायका ११, ७० ते ७४ पुरुष १२, बायका १०, ७५ ते ७९ पुरुष ११, बायका १०, ८० ते ८४ पुरुष १०, बायका ९. हे आकडे अमेरिकेत वापरतात ते आहेत. आपल्याकडं खरी तुलना ज्याची त्याच्याशीच, तीन महिन्यांनी.

उठा, चाला, वळा, बसा. खुर्चीपासून तीन मीटरवर खडूची रेघ. नेहमीच्या चालीनं रेघेपर्यंत, वळून परत, बसायचं. १२ सेकंद किंवा जास्त लागले तर नाव वेगळं लिहा. नेहमीची चूक म्हणजे माणूस हलल्यावर घड्याळ सुरू करणं. 'चला' म्हणताक्षणी सुरू करायचं. आधी एकदा सराव करू द्या. दुसरी चूक, मागून लोक "पळा की दादा" म्हणतात आणि शर्यत होते.

चार मीटर चाल. रेघेच्या आधी एक मीटर आणि नंतर एक मीटर मोकळं सोडा, म्हणजे वेग घेण्या-सोडण्याचा काळ मोजला जात नाही. चार मीटरला चार सेकंदांपेक्षा जास्त म्हणजे सेकंदाला एक मीटरपेक्षा कमी. आशियाई तज्ज्ञगटाच्या २०१९ च्या निकषांत स्नायू आणि ताकद घटल्याची ती एक खूण आहे. याच गटाचा पोटरीचा घेर: पुरुष ३४ सेंमीपेक्षा कमी, बायका ३३ पेक्षा कमी असेल तर शंका घ्यायची. पायाला सूज असेल तर टेप खोटं बोलतो. अंगठा दाबून खड्डा पडतो का ते आधी पाहा.

एकापुढं एक पाऊल. एका पायाची टाच दुसऱ्याच्या बोटांना लावून १० सेकंद उभं राहणं. बाजूला भिंत आणि एक माणूस हवाच. हे करताना चपला काढा. सभामंडपात घोटीव शहाबादी असेल तर पायमोजेही काढा आणि फरशी कोरडी आहे ना ते बघा.

उभं राहिल्यावरचं बीपीसुद्धा घ्या. पाच मिनिटं आडवं करून एकदा, मग उभं करून एक मिनिटानं आणि तीन मिनिटांनी. वरचं २० किंवा खालचं १० नं उतरलं तर तो माणूस रात्री लघवीला उठताना पडणाऱ्यांतला आहे. पट्टा बाहीवरून बांधू नका. १८०/११० च्या वर निघालं तर त्या दिवशी व्यायामाची चाचणी नाही, दवाखाना.

आता काय करायचं ते. "रोज पाच किलोमीटर चालतो" म्हणणारा माणूसही बिनहाताच्या खुर्चीतून उठताना अडकतो. चालणं हृदयाला आणि साखरेला चांगलं, सोडू नका. पण पडणं कमी होतं ते तोल आणि पायांच्या ताकदीच्या व्यायामानं. शंभरावर चाचण्या एकत्र केलेल्या २०१९ च्या कॉक्रेन आढाव्यात व्यायामानं पडण्याचं प्रमाण सुमारे २३ टक्के कमी दिसलं, आणि त्यात भर याच दोन प्रकारांवर होता. 'आता या वयात काय' म्हणणाऱ्यांसाठी: १९९० मध्ये बॉस्टनमधल्या एका वृद्धाश्रमात नव्वदीच्या आसपासच्या लोकांना आठ आठवडे मांडीचा जड व्यायाम दिला, ताकद सरासरी १७४ टक्के वाढली.

आठवड्यात तीन दिवस, एक दिवसाआड. खुर्चीतून उठणं ८ ते १२ वेळा, दोन-तीन मिनिटं विश्रांती, असे दोन फेरे, महिनाभरानं तीन. बसताना धपकन नाही, मनात तीन मोजत खाली. हातांशिवाय १२ सहज जमले की छातीशी दोन किलो ज्वारीची पिशवी धरा. ओट्याला धरून टाचा वर उचलणं, १० ते १५. दाराच्या चौकटीत उभं राहून एकापुढं एक पाऊल, जमलं की एका पायावर. १५ सेंमीच्या पायरीवर चढ-उतर, दोन्ही पायांनी आलटून पालटून. शेवटचे दोन कष्टाचे वाटले पाहिजेत, पण बोलता येत राहिलं पाहिजे. श्वास धरून जोर लावला तर बीपी उसळतं. उठताना श्वास सोडा.

गुडघेदुखीवाले लगेच म्हणतील 'आमचं काय'. दहापैकी तीन-चारपर्यंतचं दुखणं, जे दुसऱ्या दिवशी सकाळी पूर्वीवर येतं, ते चालतं. सूज आली किंवा दुसऱ्या दिवशीही जास्त दुखलं तर खुर्चीवर उशी ठेवून बैठक उंच करा आणि निम्मे करा. बंद करू नका. छातीत भरून आलं, चक्कर आली, तर मात्र तिथंच थांबायचं.

जमिनीवर बसून उठणं हा वेगळा सराव आहे आणि तो आपल्याकडं आयताच होता, पाटावर जेवायला बसताना. डायनिंग टेबल आलं आणि तो गेला. पडलेल्या माणसाला दुखापत नसली तरी उठता येत नाही, हे मोठं भय असतं. तर शिकवा: कुशीवर वळणं, हात-गुडघ्यांवर येणं, रांगत बाजेपर्यंत जाणं, बाज दोन्ही हातांनी धरून एक पाऊल पुढं रोवणं, मग उठणं. सतरंजीवर सगळ्यांकडून करून घ्या.

न्हाणीघरातल्या दांड्याबद्दल एक. टॉवेलचा रॉड म्हणजे आधाराचा दांडा नव्हे, तो अंगाच्या वजनानं गिलाव्यासकट निघतो. सव्वा ते दीड इंच जाडीचा स्टीलचा पाइप, विटेत खोल गेलेल्या अँकर बोल्टवर, आणि बसवल्यावर धडधाकट माणसानं लटकून बघायचं.

---

हुरडापार्टी (आहार, परभणी)

पायरी_पायरीनं यांचा व्यायाम पोटात काही नसताना करायला लावला तर उलटं होईल, म्हणून लिहिते.

भारतातली शिफारस प्रौढांना किलोमागं ०.८३ ग्रॅम प्रथिनांची आहे. म्हाताऱ्यांसाठी तज्ज्ञ १ ते १.२ ग्रॅम सांगतात. ५५ किलोच्या माणसाला ५५ ते ६६ ग्रॅम. आता आपल्या ताटाचा हिशेब. तीन भाकरी, प्रत्येकी ६५ ग्रॅम पीठ: १९ ते २०. पातळ वरणाच्या दोन वाट्या, मिळून ३० ग्रॅम डाळ: साडेसहा. शेंगदाण्याची चटणी चमचाभर: साडेतीन. चहातलं दूध आणि थोडं ताक: पाच. भात आणि भाजी: सहा. बेरीज चाळीसच्या आसपास. पोट भरलेलं असतं, पंधरा ते पंचवीस ग्रॅम कमी असतात, आणि दात गेलेल्या माणसाच्या तीन भाकरी दीडवर आलेल्या असतात.

'ज्वारीत सगळं आहे' हे अर्धं खरं. ज्वारीच्या प्रथिनात लायसिन कमी, ते डाळीत भरपूर. म्हणून भाकरी-वरण ही जोडी शहाणी आहे, फक्त वरण वरणासारखं पाहिजे. लातूरची डाळ देशभर जाते आणि गावातल्या वरणात डाळ शोधावी लागते! वाटीमागं ३० ग्रॅम डाळ शिजवा, तिथंच सहा-साडेसहा ग्रॅम वाढले. दुपारी वाटीभर दही, २०० ग्रॅम: सहा. चार वाजता मूठभर फुटाणे, ३० ग्रॅम: सहा-सात. दात नसतील तर फुटाण्याचं पीठ ताकात, किंवा हुलग्याचं माडगं, किंवा पिठलं. भागलं.

सोयाबीन आपल्या शेतातून पोत्यानं बाजारात जातं आणि घरात तेलाच्या पिशवीतून परत येतं. त्यात ३५ टक्क्यांच्या वर प्रथिनं आहेत. कच्चं दळायचं नाही; त्यातल्या घटकामुळं प्रथिनं पचत नाहीत, पोट फुगतं. वीसेक मिनिटं उकळायचं, साल चोळून काढायची, वाळवायचं, हलकं भाजायचं, मग किलोभर ज्वारीत शंभर ग्रॅम घालून दळायचं. जास्त घातलं तर वास येतो आणि भाकरी थापताना काठ फुटतात. तेलकट असल्यानं पीठ खवट होतं, पंधरा दिवसांपुरतंच दळा.

कृषी विद्यापीठाच्या 'परभणी शक्ती' या ज्वारीच्या वाणात लोह आणि जस्त जास्त आहे, मिळालं तर जरूर पेरा-खा. वरणाची जागा ते घेत नाही.

मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी (रक्ततपासणीत ईजीएफआर, म्हणजे मूत्रपिंडाच्या कामाचा आकडा, ६० च्या खाली) प्रथिनं वाढवायच्या आधी डॉक्टरांना विचारायचं. बाकीच्यांनी 'डाळीनं युरिक ॲसिड वाढतं' म्हणून वरण सोडायचं कारण नाही.

---

मांजराकाठ

ताई, एकादशीचं काय? हल्ली व्हिडिओत सांगायलेत की उपवासानं पेशी स्वच्छ होतात, ओसुमींनी सिद्ध केलंय म्हणे. आमचे माळकरी लई खूश आहेत.

---

पेशीविचार

ओसुमींनी यीस्ट उपाशी ठेवलं होतं, वारकरी नाही. कमी खाल्ल्यानं आयुष्य वाढतं हे १९३५ मध्ये कॉर्नेलच्या मॅकेनी उंदरांत दाखवलं. माणसांतली मोठी चाचणी, 'कॅलरी', दोन वर्षं चालली. २५ टक्के कमी खायचं ठरलं, जमलं सुमारे १२. रक्तातले आकडे सुधारले, पण ते लोक एकवीस ते पन्नास वयाचे आणि बरे खाऊन-पिऊन असलेले. ४८ किलोच्या पंचाहत्तरीच्या आजींना ते लागू करता येत नाही.

---

हुरडापार्टी

श्रद्धेनं करा, हरकत नाही. पण साबुदाण्यात प्रथिनं जवळपास नसतातच. दाण्याची आमटी, दही, दूध, राजगिरा ठेवा. ग्लिमेपिराइड किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी डोस न बदलता निर्जळी केली तर साखर उतरून बेशुद्ध पडतात. आणि बैठकीत प्रत्येकाला एक विचारा: तीन महिन्यांत न ठरवता तीन किलोपेक्षा जास्त वजन उतरलंय का? उतरलं असेल तर भाकरीच्या हिशेबाआधी तपासणी.

---

औषधाची_चिठ्ठी (औषधनिर्माणशास्त्र, नांदेड)

चौथा प्रश्न. सगळ्यांना घरातल्या सगळ्या गोळ्या एका पिशवीत घालून आणायला सांगा: डॉक्टरांच्या, मेडिकलवरून मागून आणलेल्या, शेजाऱ्यानं दिलेल्या, आयुर्वेदिक, सगळ्या. पिशवी उघडली की निम्मं काम होतं. तुम्ही काही बंद करायचं नाही, फक्त खालच्या जोड्या दिसल्या तर त्या माणसाला पिशवीसकट डॉक्टरांकडं पाठवायचं.

बीपीची 'प्रिल' किंवा 'सार्टन' संपणाऱ्या नावाची गोळी, सोबत लघवी वाढवणारी गोळी, आणि वरून गुडघ्यासाठी डायक्लोफिनॅक किंवा ॲसिक्लोफिनॅक. तिन्ही मिळून मूत्रपिंडावर घाला घालतात. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडं पारा ४२ च्या पुढं जातो, म्हाताऱ्या माणसाला तहान कमी कळते, त्यात दोन जुलाब झाले की क्रिएटिनिन (मूत्रपिंड बिघडल्याची रक्तातली खूण) चढतं. उन्हाळ्यात ही जोडी सर्वांत आधी शोधा.

झोपेची अल्प्राझोलाम, सर्दीची क्लोरफेनिरामीन, प्रोस्टेटची टॅमसुलोसिन: तिन्हींनी तोल जातो किंवा उभं राहताना बीपी उतरतं. वर सांगितलेल्या उभ्याच्या बीपीत नापास झालेल्यांच्या पिशवीत हे हमखास सापडतं. अल्प्राझोलाम एकदम बंद करू नका, झटके येऊ शकतात. हळूहळू उतरवावी लागते.

मेटफॉर्मिन साखरेसाठी उत्तम औषध. बरीच वर्षं घेणाऱ्यांत बी १२ उतरतं, आणि माळकरी मंडळींचं ते आधीच कमी असतं. तळपायाला मुंग्या, अंधारात तोल जाणं, ही लक्षणं 'वय झालं' म्हणून सोडून देतात. वर्षातून एकदा तपासा. नुसतं फॉलिक ॲसिड देत राहिलं तर रक्त सुधारतं आणि नसांचं नुकसान चालूच राहतं. साखर नसलेल्यांनी दीर्घायुष्यासाठी मेटफॉर्मिन घेऊ नये, त्याला आणखी एक कारण आहे: २०१९ च्या एका चाचणीत ६५ वरच्या लोकांना वजनाच्या व्यायामाबरोबर ते दिलं तेव्हा स्नायू प्लासिबो (बिनऔषधाची गोळी) घेणाऱ्यांपेक्षा कमी वाढले. पायऱ्या चढून कमवायचं आणि गोळीनं घालवायचं.

ड जीवनसत्त्वाचं सहा लाख युनिटचं इंजेक्शन वर्षातून एकदा टोचून घ्यायची पद्धत सोडा. ऑस्ट्रेलियात २०१० मध्ये सत्तरीपुढच्या बायकांना वर्षाला पाच लाख युनिट एकदम दिले. पडणं आणि हाडं मोडणं दोन्ही वाढलं.

---

पायरी_पायरीनं

इथं थोडा मतभेद. उन्हात न जाणाऱ्या, घराबाहेर न पडणाऱ्या म्हाताऱ्या बायकांत ड खरंच फार कमी असतं, मांड्या दुखतात, उठता येत नाही. त्यांना द्यावंच लागतं.

---

औषधाची_चिठ्ठी

द्यावं, तपासून आणि थोडं थोडं. ६० हजार युनिटची गोळी आठवड्याला एक, आठ आठवडे, मग डॉक्टर सांगतील तसं महिन्याला. घोळ पुढं होतो: कागद हरवतो आणि आठवड्याची गोळी दोन वर्षं चालू राहते. बद्धकोष्ठ, सारखी तहान, मळमळ, मुतखडा अशी तक्रार आली तर कॅल्शियम तपासा. ज्यांचं ड कमी नाही त्यांना फायदा नाही. अमेरिकेतल्या पंचवीस हजारांवर लोकांच्या चाचणीत रोज दोन हजार युनिटनं हाडं मोडणं कमी झालं नाही.

लसी: फ्लूची दरवर्षी, पावसाळ्याच्या तोंडावर, म्हणजे मे-जूनमध्ये. न्यूमोनियाची कोणती आणि कितीदा ते डॉक्टर ठरवतील. साडेचार हजार खर्चायचेच असतील तर इथं खर्चा.

---

गोदाकाठी (बीड)

मराठवाड्यापुरत्या दोन गोष्टी राहिल्या.

पाणी. नांदेड, बीडच्या काही गावांत बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे. लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत ठीक, दुसरा स्रोतच नसेल तर १.५ ही शेवटची मर्यादा. वर्षानुवर्षं जास्त गेलं तर कंबर, मान, गुडघे आखडतात, आणि सगळे त्याला संधिवात म्हणून वेदनाशामकं खातात. गावात पोरांच्या दातांवर पिवळे-तपकिरी पट्टे दिसत असतील तर आधी पाणी तपासून घ्या. उकळून फ्लोराइड जात नाही, उलट पाणी आटल्यानं दाट होतं. आरओनं कमी होतं, जाळी वेळेवर बदलली तर.

दुसरं, ऊसतोडीला जाणाऱ्या बायका. बीड जिल्ह्यात कमी वयात गर्भपिशव्या काढल्याचं प्रकरण २०१९ मध्ये पुढं आलं, सरकारनं समिती नेमली. ज्यांचे अंडाशयही काढलेत त्यांची रजोनिवृत्ती तिशीतच झाली, म्हणजे हाडांची झीज वीस वर्षं आधी सुरू झाली. अशा बायका साठीच्या आतल्या असतील म्हणून तुमच्या संघाच्या यादीत येणार नाहीत. त्यांना वयाची अट लावू नका. डेक्सा (हाडांची घनता मोजणारी) तपासणी, कॅल्शियम, आणि वरचा खुर्चीचा व्यायाम आतापासून. पंचेचाळीशीच्या आत अंडाशय काढले असतील तर हार्मोनचं काय करायचं ते स्त्रीरोगतज्ज्ञांना विचारायला लावा.

तंबाखू-मिश्रीचं सगळ्यांना माहीत आहे, कुणी ऐकत नाही, तरी फळ्यावर लिहा.

---

मांजराकाठ

सगळ्यांचे आभार. असं ठरवलंय: या पौर्णिमेला बायकांची मोजणी, पुढच्या पौर्णिमेला पुरुषांची. वही रकाने पाडून तयार आहे. पिशव्या घेऊन यायला दवंडी देतो. ऊसतोडीच्या बायकांना वेगळं बोलावतो. एजंट आला तर त्याला खुर्चीच्या चाचणीला बसवतो. अजून काही राहिलं का?

---

पायरी_पायरीनं

मोजणीची वेळ वहीत लिहा आणि तीन महिन्यांनी त्याच वेळी घ्या. जेवण झाल्यावर लगेच नको, बीपी उतरलेलं असतं. खुर्ची तीच ठेवा, तिच्या पायाला रंगाची खूण करून शाळेच्या शिपायाला सांगून ठेवा. दुसरी आली आणि दोन इंच उंच निघाली तर सगळ्यांची तब्येत सुधारलेली दिसेल.

काठी वापरणाऱ्यांनी चालताना काठी घ्यायची, वहीत 'काठीसह' लिहायचं. आणि ज्यांना ऐकू कमी येतं त्यांच्या समोर उभं राहून हात खाली करून 'सुरू' सांगा, नाहीतर त्यांचे दोन सेकंद कानातच जातात. त्यांची नावं वेगळी काढा. मुख्यमंत्री वयोश्री योजनेतून ६५ वरच्यांना, उत्पन्न दोन लाखांच्या आत असेल तर, साधनांसाठी तीन हजार मिळतात. श्रवणयंत्र त्यात बसतं. सत्तरीवरच्यांची आयुष्मान वय वंदना कार्डं काढलेली आहेत का तेही त्याच रकान्यात टिपा. खुब्याचं हाड मोडलं तर ऑपरेशन दोन दिवसांत व्हावं लागतं, तेव्हा कार्ड काढायला वेळ नसतो.

---

हुरडापार्टी

बैठकीत चहा-बिस्किटांऐवजी फुटाणे-गूळ किंवा माडगं ठेवा. चाळीस जणांना फुटाणे सव्वा किलो पुरतात.